शेतघरासाठी आणि बॅकअपसाठी डीप सायकल बॅटरी कशी निवडावी

बॅटरीच्या दुकानात पाऊल ठेवताच "किती एएचची देऊ?" असा प्रश्न येतो (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठवणीचे माप) आणि बहुतेक ग्राहक, शेजाऱ्याकडे दीडशेची आहे म्हणून, "दीडशेची द्या" असे सांगून मोकळे होतात. खरे तर त्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. बॅटरी रोज रिकामी होणार आहे की महिन्यातून एखाद-दोन वेळा, आणि ती भरणार कशाने, महावितरणच्या विजेने की केवळ उन्हाने? शहरातल्या सदनिकेत अधूनमधून तासभर जाणाऱ्या विजेसाठी जी बॅटरी वर्षानुवर्षे तक्रारीविना चालते, तीच बॅटरी वीजजोडणी नसलेल्या शेतघरात सौर पॅनेलला जोडली की फार लवकर बसते. दोष बॅटरीचा नसतो, निवडीचा असतो.

पुष्कळ खोलवर रिकामी होऊन पुन्हा पुन्हा भरता येते ती डीप सायकल बॅटरी. ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या बॅटरीत पातळ प्लेट मोठ्या संख्येने बसवलेल्या असतात, कारण तिला इंजिन फिरवण्यासाठी काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर द्यावे लागतात आणि गाडी सुरू होताच अल्टरनेटर ती झीज भरून काढतो. तीच बॅटरी रात्रभर दिव्यांना आणि पंख्याला जोडली, तर प्लेटवरचा पदार्थ सुटून तळाशी साचतो आणि काही महिन्यांत एखादा सेल (बॅटरीतला एक कप्पा) मरतो. डीप सायकल बॅटरीच्या प्लेट जाड असतात. ट्यूब्युलर प्रकारात तर धन प्लेट म्हणजे नळ्यांची रांगच असते. शिशाच्या मिश्रधातूच्या काड्यांभोवती पॉलिएस्टरच्या विणीच्या नळ्या असतात आणि शिशाचे ऑक्साइड त्या नळ्यांत ठासून भरलेले असल्याने ते सहज गळत नाही. घरात पडून असलेली गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

आता स्टिकरवरच्या आकड्याकडे वळू. १५० एएच हा आकडा अर्धवट आहे. त्यापुढे सी-२० लिहिले आहे की सी-१० हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. सी-२० म्हणजे ही क्षमता २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळते, म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. सी-१० म्हणजे १५ अँपिअरने १० तास. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून प्रवाह जितका जोरात काढावा तितकी तिची हाती लागणारी क्षमता घटते, त्यामुळे सी-२० ची १५० एएच बॅटरी दहा तासांच्या हिशेबाने साधारण १२० ते १३० एएचच देते आणि तिच्यावर ६०० वॉटचा भार टाकला, म्हणजे ५० अँपिअरच्या वर प्रवाह काढला, तर नव्वद-शंभरच्या आसपासच थांबते. इन्व्हर्टरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या बहुधा सी-२० च्या आणि सौरसाठीच्या सी-१० च्या असतात. दोन दुकानांतल्या किमतींची तुलना करताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर स्वस्त वाटणारी बॅटरी प्रत्यक्षात लहान निघते. शिवाय इन्व्हर्टरची सी-२० बॅटरी सौरसाठी वापरली तर वॉरंटी लागू राहते का, हे वॉरंटी कार्डावर आधीच वाचून घ्यावे.

भाराचा हिशेब

हा हिशेब कागदावर करावा, अंदाजाने करू नये. समजा, दोन खोल्यांचे शेतघर आहे. ३० वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास चालले तर ६०० वॉट-अवर (वॉट गुणिले तास). ९ वॉटचे पाच एलईडी दिवे पाच तास, म्हणजे २२५. ५० वॉटचा टीव्ही तीन तास, म्हणजे १५०. १० वॉटचा राउटर दिवसभर, म्हणजे २४०. आणि मोबाइलसाठी ३५ धरले, तर एकूण १,२५० वॉट-अवर होतात. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे १,४७० वॉट-अवर काढावे लागतील. शिसे-आम्लाची बॅटरी रोजच्या वापरात निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, या नियमाने सुमारे २,९४० वॉट-अवरची साठवण हवी, म्हणजेच, १२ ने भागले की, १२ व्होल्टवर २४५ एएच. १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांत हे काम होते.

याच घरात ७५ वॉटचे जुने पंखे असतील तर काय होते ते पाहावे. रोजची गरज ९०० वॉट-अवरने वाढते आणि ती भागवण्यासाठी १७५ एएचच्या वर जादा क्षमता लागते, म्हणजे केवळ पंख्यांपायी आणखी एक मोठी बॅटरी आणि ती भरायला आणखी पॅनेल. दोन नवे पंखे त्याहून पुष्कळ स्वस्त पडतात. बॅटरी निवडण्याचे काम छतावरच्या पंख्यापासून सुरू करावे, असे मी म्हणेन. पाण्याच्या मोटरचेही तेच. अर्ध्या अश्वशक्तीची मोटरही सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट झटका घेते आणि त्यासाठी इन्व्हर्टर, तारा आणि बॅटरी सगळेच मोठे घ्यावे लागते. दुपारच्या उन्हात पॅनेलवर थेट पंप चालवून पाणी उंचावरच्या टाकीत साठवावे. पाणी साठवणे हे वीज साठवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

ढगाळ दिवसांसाठी किती राखीव ठेवावे, यावर दुकानदार आणि ग्राहक दोघेही वाहवत जातात. देशावर एक-दीड दिवसाची राखीव साठवण सहसा पुरते. कोकणात जून ते सप्टेंबर सलग कित्येक दिवस ऊन नीट पडत नाही आणि त्या काळासाठी बॅटऱ्यांची रांग उभी करणे व्यर्थ आहे, कारण रिकामी झालेली मोठी बॅटरी भरायलाही तितकेच ऊन लागते. अशा ठिकाणी दोन दिवसांची साठवण, थोडी जादा पॅनेल आणि अडीअडचणीला एखादा लहान जनरेटर हा मेळ अधिक शहाणपणाचा ठरतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी भरण्याची दुसरी सोय नसलेली बॅटरी, ती कितीही मोठी असली तरी, एकदाच उपयोगी पडते. छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली, सौर यंत्रणा आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांनीही हे ध्यानात घ्यावे की लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी वीज जाताच ती यंत्रणाही बंद होते. बॅटरी जोडायची असेल तर हायब्रिड, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर लागतो.

कोणता प्रकार घ्यावा

वीज कधीमधी जाते आणि बॅटरी बहुतेक काळ भरलेलीच असते, अशा घरासाठी पाण्याची टॉल ट्यूब्युलर बॅटरी आजही योग्य निवड आहे. तिचे भांडे उंच असल्याने द्रव अधिक मावतो आणि डिस्टिल्ड वॉटर वारंवार घालावे लागत नाही. फ्लॅट प्लेटची बॅटरी थोडी स्वस्त मिळते, पण डीप सायकलच्या कामासाठी मी ती सुचवणार नाही. पाणी न घालावे लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या, म्हणजे एजीएम आणि जेल, जिथे देखभालीला माणूस नसतो किंवा हवा खेळती नसते तिथे सोयीच्या आहेत. परंतु त्या उष्णतेला आणि जास्त व्होल्टेजच्या चार्जिंगला फारच हळव्या असतात, आणि एकदा उडालेले पाणी त्यांत परत घालता येत नाही.

रोज रिकामी होऊन रोज भरणारी यंत्रणा असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा, विचार जरूर करावा. निम्मीच वापरली तर चांगली ट्यूब्युलर बॅटरी साधारण हजार-बाराशे चक्रे (एकदा रिकामी होऊन पुन्हा भरणे म्हणजे एक चक्र) काढते असे धरले, तरी रोजच्या वापरात ती पावणेतीन ते सव्वातीन वर्षांत संपते. एलएफपी ८० टक्के रिकामी करूनही दोन-तीन हजार चक्रे आणि त्याहून अधिक चालते, भरताना फारच थोडी वीज वाया घालवते आणि वजनाला हलकी असते. वरच्या उदाहरणातल्या १,४७० वॉट-अवरसाठी, ८० टक्के वापर धरून, १,८४० वॉट-अवरची बॅटरी पुरते, २५.६ व्होल्ट १०० एएचच्या एका संचात २,५६० वॉट-अवर मावतात. तिची किंमत सुरुवातीला बोचते, पण ती एका चक्रामागे काढून पाहावी. याउलट, वर्षातून वीस-तीस वेळाच वीज जाणाऱ्या घरात हजारो चक्रांसाठी पैसे मोजून उपयोग नाही, कारण तिथे ट्यूब्युलर बॅटरी चक्रांनी नव्हे, वयाने आणि उष्णतेने संपते. एलएफपी घेताना तिच्यातील बीएमएस (बॅटरीवर नियंत्रण ठेवणारे सर्किट) किती अँपिअर सतत देऊ शकतो हे विचारावे आणि इन्व्हर्टरमध्ये लिथियमचे सेटिंग आहे याची खात्री करावी; ट्यूब्युलरच्या सेटिंगवर ती चालवू नये.

उष्णतेचा उल्लेख पुन्हा करावाच लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. अकोला, चंद्रपूर किंवा नागपूर इथल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बॅटरीची काय गत होत असेल ते यावरून समजावे. तिला घराच्या उत्तरेकडच्या, सावलीतल्या, हवा खेळती असलेल्या जागेत ठेवावे. पाण्याची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराच्या खाली ठेवू नये. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावण्याची सवय ठेवावी.

चार्जिंग आणि जोडणी

शिसे-आम्लाची बॅटरी तिच्या क्षमतेच्या साधारण दहा टक्के प्रवाहाने भरावी, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. १२ व्होल्टच्या एका अशा बॅटरीसाठी, उष्णता आणि धूळ यांमुळे होणारी तूट धरता, ३०० वॉटच्या आसपास पॅनेल हवे. बॅटरी मोठी आणि पॅनेल लहान ही जोडी सर्वांत वाईट, कारण बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि क्षमता हळूहळू आटते. भार हजार वॉटच्या पुढे जात असेल तर २४ किंवा ४८ व्होल्टची यंत्रणा घ्यावी. १२ व्होल्टवर हजार वॉट म्हणजे ८३ अँपिअरच्या वर, आणि त्यासाठी लागणाऱ्या जाड तांब्याच्या केबलचा खर्च लोक विसरतात. एका संचातल्या बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनीला नवी जोडली की नवी जुनीच्या वळणावर जाते. बॅटरीजवळ डीसीचा फ्यूज किंवा एमसीबी असल्याखेरीज जोडणी पूर्ण झाली असे मानू नये.

खरेदीच्या वेळी उत्पादनाची तारीख पाहावी. तीन महिन्यांहून अधिक काळ दुकानात पडून असलेली बॅटरी शक्यतो घेऊ नये. वजनही विचारावे. सारख्याच आकड्याच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांत जी जड, तिच्यात बहुधा शिसे अधिक. हायड्रोमीटर लावून सहाही सेलचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता) तपासायला सांगावे: पूर्ण भरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीत ते १.२४ च्या आसपास असते आणि सहाही सेलमध्ये जवळपास सारखे असते. "३६ अधिक २४ महिने" अशा वॉरंटीत पहिला भाग मोफत बदलून देण्याचा आणि दुसरा केवळ सवलतीचा असतो, हे लक्षात ठेवून कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा. पुढे पाणी घालताना फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. आरओच्या पाण्यातही क्षार राहतात, आणि पातळी कमी झाली म्हणून आम्ल तर कधीच घालू नये.

जुनी बॅटरी असेल तर तिची बायबॅक किंमत नव्या बॅटरीच्या बिलात वेगळी लिहून घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, आणि शिशाला भाव असल्याने ती फुकट देण्याचेही कारण नाही. मात्र आम्ल ओतून टाकून नुसते शिसे विकण्याच्या फंदात पडू नये. बॅटरी आहे तशी, उभी ठेवूनच, विक्रेत्याकडे पोहोचवावी.