जुना धागा वर काढताय? आधी या चुका टाळा

माझ्यापासूनच सुरुवात करतो. एकदा एका फोरमवर, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या ऑनलाइन कट्ट्यावर, कुणीतरी विचारलं होतं की प्रिंटर वायफायला कनेक्टच होत नाहीये, आणि मला नेमकं ते येत होतं, म्हणून तासभर बसून स्क्रीनशॉट वगैरे टाकून झकास उत्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा प्रतिसाद आला, धन्यवाद, पण तो प्रिंटर भंगारात जाऊन चार वर्षं झाली. तारीख बघितलीच नव्हती मी! सगळ्यात कॉमन चूक हीच. सर्चमधून थेट धाग्यावर (म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालचे सगळे प्रतिसाद) उतरलं की तो आजचाच वाटतो, त्यामुळे प्रश्नाची तारीख बघा आणि शेवटच्या प्रतिसादाचीही बघा, कारण मधे कुणीतरी उत्तर देऊन विषय मिटवलेला असतो आणि आपण पहिलं पान वाचूनच टायपायला बसतो.

असं मेलेल्या धाग्यावर लिहिण्याला इंग्रजीत नेक्रोपोस्टिंग म्हणतात, ग्रीकमधल्या मृत या अर्थाच्या शब्दावरून. आपल्याकडे जुनी मढी उकरणं म्हणतातच की. लोक वैतागतात त्याचं कारण साधं आहे, बहुतेक फोरमवर शेवटचा प्रतिसाद आलेला धागा आपोआप सगळ्यात वर येतो, म्हणजे तुम्ही सात वर्षं जुन्या धाग्यावर नुसतं "+१" किंवा "मलाही हाच प्रॉब्लेम" टाकलं की आजचे चार प्रश्न खाली ढकलले जातात, वर तो धागा फॉलो करणाऱ्यांना नोटिफिकेशन जातं ते वेगळंच. गिटहब या प्रोग्रॅमर लोकांच्या साइटवर याच +१ ला लोक इतके कंटाळले होते की 2016 मध्ये तिथे कमेंट न करता नुसतं 👍 द्यायची सोय आली. जिथे अशी सोय आहे तिथे ती वापरा ना.

पण म्हणून जुन्या धाग्याला हातच लावायचा नाही हेही चूक, आणि माझ्या मते जास्त मोठी. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर तर प्रश्न विचारून 60 दिवस उलटल्यावर दिलेल्या उत्तराला 5 गुण मिळाले की नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक) नावाचा बिल्लाच मिळतो. रेडिटवर पूर्वी 6 महिन्यांनी पोस्ट आपोआप बंद व्हायची, 2021 पासून ते त्या त्या कम्युनिटीवर सोडलंय. म्हणजे नियम जागेप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी तिथले वाचा. मी स्वतः एवढंच बघतो, पुढच्या वर्षी हाच प्रॉब्लेम घेऊन कुणी इथे आला तर माझ्या प्रतिसादाने त्याचं काम होईल का? जुनी लिंक मेलीये आणि तुमच्याकडे चालू लिंक आहे, नव्या व्हर्जनमध्ये ते सेटिंग दुसरीकडे गेलंय, किंवा तुमचा स्वतःचाच प्रश्न होता आणि तो कसा सुटला ते आता सांगताय, तर बिनधास्त लिहा. "सुटला प्रॉब्लेम, थँक्स" एवढंच लिहून गायब होणाऱ्यांचा मला जास्त राग येतो, अरे कसा सुटला ते सांग की!

तुमचा प्रॉब्लेम थोडा जरी वेगळा असेल तर दुसऱ्याच्या धाग्यात घुसू नका. नवा काढा, जुन्याची लिंक द्या, आणि त्यातलं काय काय करून बघितलं आणि काय चाललं नाही ते लिहा, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "आधी सर्च करा" असा येणार. जुनी भांडणं मात्र उकरूच नका, समोरचा आयडी कधीच सोडून गेलेला असतो आणि तुम्ही भिंतीशी वाद घालत बसता. आणि वर्षापूर्वीच्या विक्रीच्या पोस्टवर "अजून आहे का?" विचारायचं असेल तर मेसेज करा की सरळ.

आता चूक होऊन गेलीच असेल तर? डिलीट करता येत असेल तर करा, काही ठिकाणी धागा परत खालीही जातो, काही ठिकाणी नाही. नसेल येत तर गप्प बसा, सॉरी म्हणायला अजून एक प्रतिसाद टाकू नका, त्याने तो पुन्हा वर येतो. हेच "कशाला वर काढलाय हा धागा?" असं खेकसणाऱ्यांनाही लागू आहे बरं का. मी एकदा एक मेलेला धागा अशा खेकसण्यावरच तीन दिवस पहिल्या नंबरवर राहिलेला बघितलाय, शेवटी मॉडरेटरने, म्हणजे फोरम सांभाळणाऱ्याने, त्याला कुलूप लावलं. रिपोर्टचं बटण असतं, ते दाबा आणि पुढे जा.