भर पाण्यात जेट स्कीचा जोर कमी झाला तर काय तपासावे

मार्वे किंवा जुहूच्या किनाऱ्यावरून जेट स्की पाण्यात घातली, शंभर-दोनशे मीटर ती व्यवस्थित गेली आणि मग थ्रॉटल पूर्ण दाबूनही पुढे सरकेना, असे झाले की बहुतेक जण किनाऱ्यावर येऊन सर्वप्रथम स्पार्क प्लग काढायला घेतात. ही घाई टाळावी. ‘इंजिनाचा जोर गेला’ या एकाच तक्रारीखाली दोन अगदी निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि ते ओळखायला एकही पाना लागत नाही, हँडलसमोरच्या पडद्यावरील आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, आकडा तेवढा पाहावा लागतो.

थ्रॉटल दाबताच आरपीएम झपाट्याने चढत असेल, आवाज चिरका होत असेल आणि तरीही वेग वाढत नसेल, तर इंजिन बहुधा धडधाकट असून दोष पाणी फेकणाऱ्या पंपात आहे. याउलट आरपीएमच वर चढत नसेल, तर इंधन, ठिणगी, हवा किंवा नियंत्रण यांपैकी कशात तरी बिघाड आहे असे समजावे. आधुनिक चार-स्ट्रोक इंजिने पूर्ण थ्रॉटलवर साधारणपणे ७००० ते ८००० आरपीएमपर्यंत जातात. परंतु हा ढोबळ आकडा फारसा उपयोगी पडत नाही. आपले यंत्र ठणठणीत असताना एक माणूस बसवून आणि टाकी अर्धी ठेवून किती आरपीएम व किती वेग मिळतो, हे वहीत लिहून ठेवलेले असेल तरच नंतरची घट खात्रीने कळते.

मुंबईच्या पाण्यात पंपाचा दोष अधिक वेळा आढळतो, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर प्लास्टिकच्या पिशव्या, नायलॉन जाळ्यांचे तुकडे आणि दोऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगत असतात व जेट स्कीच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या जाळीतून पंपात ओढल्या जातात. पिशवी जाळीवर चिकटली की इम्पेलरला, म्हणजे पंपातील पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चक्राला, पुरेसे पाणी मिळत नाही आणि तो फेसातच फिरत राहतो. दोरी मात्र इम्पेलर फिरवणाऱ्या शाफ्टभोवती गुंडाळली जाते. तेव्हा इंजिनावर ओझे पडून आरपीएमही खाली येतो आणि बैठकीखाली थरथर जाणवते. म्हणून थरथर सुरू झाल्यास केवळ आकड्यावर विसंबू नये.

अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करून मनगटाची सुरक्षा-दोरी स्विचमधून काढून घ्यावी आणि जेट स्की दोन्ही बाजूंना हलकेच डोलवावी. आतली ओढ थांबल्यामुळे पिशवी कित्येकदा आपोआप सुटते. न सुटल्यास थ्रॉटल वारंवार दाबून पाहणे धोक्याचे आहे, कारण अनेक यंत्रांत इंजिन थंड ठेवणारे पाणीही याच पंपातून येते. इंजिन चालू असताना किंवा सुरक्षा-दोरी स्विचमध्ये असताना जाळीत हात कधीही घालू नये. किनाऱ्यावर आल्यावर जेट स्की आडवी करायची असेल, तर कोणत्या बाजूला कलती करावी हे मागील बाजूच्या स्टिकरवर दाखवलेले असते. चुकीच्या बाजूला कलंडवल्यास एक्झॉस्टमधील पाणी इंजिनात शिरू शकते. नायलॉन कापण्यासाठी आकडीच्या पात्याची सुरी सोयीची पडते.

जाळी स्वच्छ असूनही वेग मिळत नसेल, तर टॉर्चच्या उजेडात इम्पेलरच्या कडा आणि त्याभोवतीची झीज झेलणारी कडी, म्हणजे वेअर रिंग, पाहावी. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक होतो. त्यामुळे सकाळी भरपूर पाणी असलेल्या जागी दुपारी गुडघाभर पाणी उरते, आणि तेथे इंजिन सुरू केले की पंप वाळू व शंखांचे तुकडे ओढतो. रिंगवर खोल चरे पडले असतील किंवा फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेली इम्पेलर व रिंगमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भरत असेल, तर रिंग बदलण्याची वेळ आली आहे. किमान कमरेइतके पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू न करणे हाच यावरचा स्वस्त उपाय आहे.

आता आरपीएम चढत नसल्याच्या बाजूकडे वळू. यंत्र ठरावीक कमी आरपीएमवर अडकून सतत बीप वाजवत असेल, तर ते स्वतःला वाचवण्यासाठी लिम्प मोडमध्ये गेलेले असते. अतिउष्णता, तेलाचा कमी दाब किंवा सेन्सरचा दोष ही त्याची नेहमीची कारणे होत. बंद-चालू करून पुन्हा जोर लावण्याऐवजी इंजिन थंड करून बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार नेहमीसारखी आहे का, ते पाहावे. धार बारीक झाली असेल तर मार्गात वाळू किंवा मिठाचे थर साचलेले असतात. बीप वाजत नसेल, तर वेग मर्यादित ठेवणारी शिकाऊ चावी किंवा मोड चुकून सुरू राहिला नाही ना, याचीही खात्री करावी. एकदा एवढ्याशा कारणासाठी आम्ही अर्धा दिवस इंधनाच्या नळ्या उघडत बसलो होतो.

इंधनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष गंभीर आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर जेट स्कीच्या पुस्तिकांत सहसा १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्याचे तीन महिने अर्धी टाकी तशीच ठेवली, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंधन उचलणारे तोंडही तिथेच असते. इंजिन मंद गतीला नीट चालते, पण जोर मागताच दम तोडते, हे याचे ठळक लक्षण आहे. तळाचे थोडे इंधन पारदर्शक बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून इंधनाचा फिल्टर बदलावा.

प्लग यानंतर काढावेत. टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे; काळे व ओले असल्यास तो सिलिंडर नीट पेटत नाही. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. तेल मर्यादेपेक्षा अधिक भरले असेल, तर ते हवेच्या मार्गात जाऊन इंजिनाचा श्वास कोंडते. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) असलेल्या यंत्रात त्याचा क्लच घसरण्याचा संशय आला, तर ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे. आणि आत साचलेले पाणी काढण्याची मागची बुचे लावायची विसरली नाहीत ना, हेही पाहावे. आत पाणी भरलेली जेट स्की निरोगी इंजिनालाही ओढवत नाही.

दुरुस्ती पाण्यात जमत नसेल, तर ओढून आणताना ताशी ८ किलोमीटरहून अधिक वेग ठेवू नये, अन्यथा थंडाव्याच्या नळीतून पाणी एक्झॉस्टमध्ये भरते. किनारा दूर असेल आणि ओढणारे कोणी नसेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवावा. घरी गोड्या पाण्याने धुताना आधी इंजिन, मग नळ सुरू करावा. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. त्यानंतर तेवढेच वजन व तेवढेच इंधन घेऊन पुन्हा चाचणी घ्यावी आणि मिळालेला आरपीएम वहीतील जुन्या आकड्याशेजारी लिहावा.