स्पेसर घेताना आधी मधलं भोक मोजा

मी डिचोलीचा. वेर्ण्याच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो आणि पोलो जीटी चालवतो, त्यामुळे आमच्याकडची पोरं स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसवून चाक बाहेर आणणारी चकती) मागवण्याआधी मला विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "किती एमएमचे घेऊ?" जाडी शेवटी बघायची. आधी मधलं भोक.

हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने आवळतात तो भाग. त्याच्या मध्यावर एक गोल कॉलर असते. पोलोची 57.1 मिमी, स्विफ्टची 54.1. चाक तिच्यावर बसतं म्हणून मध्यावर राहतं. स्पेसरचं आतलं भोक याच मापाचं हवं, आणि त्याच्या बाहेरच्या तोंडावर चाकासाठी तशीच कॉलर हवी. बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकाचं भोक बहुधा मोठं असतं, तेव्हा तेही व्हर्नियरने मोजा. पाच मिमीच्या पातळ स्पेसरला स्वतःची कॉलर नसते. तो चढवल्यावर हबची कॉलर चाकापुरती उरते का ते बघा. 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं सांगून विकलेला लांबट भोकांचा स्पेसर मी कुणालाच घेऊ देत नाही. झुआरी पुलावर वेग धरला की स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतो.

पाच बोल्ट आहेत म्हणजे बसेलच, असंही नाही. पहिला आकडा बोल्ट किती, दुसरा ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास मिमीत: पोलो जीटी 5×100, ऑक्टाव्हिया 5×112, स्विफ्ट 4×100.

आता बोल्ट. इथे घाई जिवावर बेतते. पोलोला एम14×1.5 चे बोल्ट लागतात. स्पेसर 10 मिमीचा असेल तर बोल्टही 10 मिमीने लांब हवा. हाताने फिरवून आटे मोजा, निदान नऊ पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत. बोल्टची बैठक, म्हणजे डोक्याखालचा चाकावर टेकणारा भाग, तीही जुळायला हवी: फोक्सवॅगनच्या मूळ चाकाला गोल बैठक, बाहेरच्या अलॉयला बहुधा निमुळती. न जुळणारा बोल्ट नुसत्या एका रेषेवर टेकतो आणि सैल होतो. स्पेसर काढलात तर लांब बोल्टही काढा, नाहीतर टोक मागच्या ड्रमच्या आतल्या भागांना लागू शकतं. स्विफ्टला स्टड (हबलाच बसवलेले आटेदार खुंट) आणि नट आहेत. तिथे स्पेसर स्टडची लांबी खातो, म्हणून लांब स्टड बसवा किंवा स्वतःचे स्टड असलेला जाड स्पेसर घ्या.

मग जाडी. सपाट जागेवर मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं अंतर मोजा. 15 मिमी भरलं तर 15 चा स्पेसर नको. चार माणसं बसवून चोर्ला घाटात वळणावर खड्डा लागला की टायर वर चढतो आणि कडेला घासतो. मी तरी 10 वर थांबेन. पुढे त्याहून कमी, कारण चाक जितकं बाहेर तितके स्टिअरिंगमधून हाताला झटके जास्त, आणि बेअरिंगवर ताणही. ईटी म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिमीत. ईटी 40 चं चाक 10 च्या स्पेसरने ईटी 30 सारखं बसतं, हा हिशेब नवीन अलॉय घेतानाही लक्षात ठेवा.

विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओतही विचारा.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने पार काढा. लोखंडी हब, अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आणि आपली खारी हवा, यांचं जमत नाही. स्पेसर असा चिकटतो की हातोडीशिवाय निघत नाही. हबच्या तोंडावर अँटी-सीझचा (भाग चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा, आट्यांना अजिबात नको. बोल्ट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने. पोलोला 120 न्यूटन-मीटर. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मिरगाच्या आधी एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा स्पेसर उतरवून मागची तांबडी माती धुऊन काढा.