महायुद्धातल्या शस्त्रांवर लिहिताना-बोलताना या चुका टाळा

महायुद्धांवर वाचायला लागलं की सुरुवातीला सगळ्यांच्याच डोक्यात एक चित्र बसतं, युद्ध पेटलं, शास्त्रज्ञ कामाला लागले, नवीन शस्त्र निघालं आणि बाजी पलटली. मीही कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो. आता शाळेतल्या भाषणांपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे तेच दिसतं, म्हणून नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शोध लागला ती तारीख आणि शस्त्र नीट चालायला लागलं ती तारीख एकच धरणं. मॅक्सिमची मशीनगन १८८४ ची, पहिल्या महायुद्धाच्या ३० वर्षं आधीची. जेट इंजिनाच्या पेटंटसाठी ब्रिटिश इंजिनिअर फ्रँक व्हिटलने १९३० मध्येच अर्ज केला होता. युद्धाने दिलं ते पैसा, कारखाने आणि घाई. रणगाड्याचंही तसंच, १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला हे सगळे लिहितात, पण आणलेल्या ४९ पैकी साधारण ३२ च हल्ला सुरू व्हायच्या जागेपर्यंत पोचले हे कोणी लिहीत नाही. बाकीचे वाटेतच बिघडले नाहीतर रुतले.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. युद्धात शस्त्रं आपोआप सुधारत जातात असं समजू नका. अमेरिकेच्या पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर फुटणारा बॉम्ब) बघा. डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरल्यापासून कॅप्टन लोक ओरडून सांगत होते की नेम बरोबर असतो, पण टॉर्पेडो एकतर जहाजाच्या खालून निघून जातो नाहीतर आदळून फुटतच नाही, आणि शस्त्र बनवणारं खातं म्हणत होतं की टॉर्पेडो ठीक आहे, तुम्हालाच मारता येत नाही. मुळात शांततेच्या काळात महाग पडतं म्हणून खऱ्या स्फोटकासकट चाचण्या जवळपास केल्याच नव्हत्या. शेवटी जून १९४२ मध्ये अ‍ॅडमिरल लॉकवूडने ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ कोळ्यांचं जाळं विकत घेऊन पाण्यात लावलं आणि त्यावर टॉर्पेडो सोडले. १० फूट खोल जायला सेट केलेल्या टॉर्पेडोने जाळ्याला भोक पाडलं २५ फूट खोल!

आता खरी गंमत पुढे आहे, आणि जो कोणी मशीन दुरुस्त करतो त्याला ही लगेच कळेल. टॉर्पेडो जास्त खोल जायचा तो दोष दुरुस्त केल्यावर दुसरा दोष वर आला, जहाजाच्या चुंबकीय क्षेत्राने फुटणारा ट्रिगर बेभरवशाचा निघाला. तो १९४३ च्या जूनमध्ये बंद केला तर तिसरा दोष सापडला. जुलैमध्ये टिनोसा पाणबुडीने एका मोठ्या जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले, पहिले काही तिरके लागले आणि त्यातले दोन फुटून जहाज थांबलं, मग अगदी काटकोनात, आरामात नेम धरून मारलेले एकामागून एक फुसके गेले. शेवटचा एक टॉर्पेडो कॅप्टनने मुद्दाम तपासणीसाठी परत आणला. हवाईत कड्यावर मारून, क्रेनने उंचावरून टाकून बघितलं तेव्हा कळलं की सरळ धडक बसली की फायरिंग पिनच, म्हणजे स्फोट घडवणारी पिनच, वाकते. म्हणजे जितका नेम चांगला तितका टॉर्पेडो बेकार. दुरुस्ती झाली सप्टेंबर १९४३ च्या सुमारास, जवळजवळ २१ महिने गेले, आणि तोवर माणसं जीव धोक्यात घालून हेच टॉर्पेडो मारत होती. हे वाचून मला आजही राग येतो.

तिसरं, नुसती चिलखताची जाडी आणि तोफेचा आकार बघून कुठला रणगाडा भारी ते ठरवू नका. जर्मन टायगर १ बनले साधारण १,३५०, अमेरिकन शर्मन जवळपास ५०,०००. आपल्याकडचं उदाहरण १९६५ च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तर गावाजवळची लढाई. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या बऱ्याच रणगाड्यांपेक्षा नवे होते, पण उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं, पॅटन चिखलात रुतले, आणि आपले जवान अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने त्यातले काही फोडले. नगरच्या टँक म्युझियममध्ये पकडलेला पॅटन आहे, जमलं तर समोर उभं राहून बघा.

आणि शस्त्राबद्दल लिहिलं की त्यावरचा उतारा पण लिहाच. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, काही दिवसांतच समोरच्या सैनिकांकडे तोंडावर बांधायच्या कापडाच्या पट्ट्या आल्या, पुढे चांगले मास्क, मग मास्कला चुकवणारे नवे गॅस. युक्रेनमध्ये आत्ता हेच चाललंय, ड्रोन आले तर त्यांचा रेडिओ सिग्नल अडवणारे जॅमर आले, जॅमर आले तर बारीक ऑप्टिकल फायबर मागे सोडत जाणारे ड्रोन आले ज्यांना जॅम करायला रेडिओच नाही, आणि त्यांच्यापासून वाचायला आता रस्त्यांवर किलोमीटरच्या किलोमीटर जाळी बांधतायत, त्यातली बरीचशी कोळ्यांचीच.