मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रोज एकच वाक्य कानावर येतं, "काका, मदरबोर्ड गेलो वाटता." म्हणजे आतला मुख्य बोर्ड. बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, स्क्रीन काळी आणि आतून लांब बीप परत परत वाजतोय, तर आधी रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, संशय घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या कडेच्या सोनेरी दातांवर, म्हणजे कॉन्टॅक्टवर, थर चढतो.

म्हणून ती पॉलिश पेपरने घासायची? देवगडच्या एका बागायतदारांच्या भाच्याने तेच केलं, तेही ऐन आंब्याच्या सीझनात. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं म्हणे. कॉम्प्युटर लगेच चालू झाला, भाचा हुशार ठरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा पॉलिश पेपर. मी पट्टी हातात घेतली तेव्हा सोनेरी दात तांबडे झाले होते, दोन तर हिरवे. त्यांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनभरही जाड नसतो. तो गेला की खालचं तांबं आणि समुद्राची हवा, दोघांची गाठ पडते. बाहेर पेट्या भरून टेम्पो उभा आणि मामा हाताने बिलं फाडतायत. शेवटी नवीन रॅम घ्यावीच लागली.

मी शाळेतला साधा पांढरा खोडरबर वापरतो. प्लग काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, मग हलक्या हाताने पुसायचं आणि रबराचा भुगा ब्रशने झाडायचा. पट्टी बसवताना क्लिप टक् वाजली पाहिजे. अर्धवट बसवून "होत नाय" म्हणणारे उतावळे रोज येतात.

दुसरी चूक विजांची. मेअखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की लोक बटण बंद करून निर्धास्त होतात. साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलीच राहतात. प्लग उपसा, इंटरनेटची तांब्याची वायरही काढा. लॅन पोर्ट, म्हणजे ती वायर लावायची खाच, जळून येतो तो बहुधा तिथूनच. यूपीएस आहे म्हणून काही होणार नाही, हा भ्रम आहे. आणि जांभ्याच्या कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, कोरडा खड्डा असून नसून सारखाच.

जुन्या एसएमपीएसमागचं (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यामागचं) लाल बटण ११५ वर सरकवू नका, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. धडामकन वाजतं.

ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा.

चालू टॉवरवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. पावसात मशीन महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवा.

तारीख-वेळ सारखी मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा चपटा गोल सेल बदला. त्यासाठी विंडोज फॉरमॅट करून घेणारे गिऱ्हाईकही मी पाहिलेत, आणि पैसे घेऊन तो करून देणारेही.