कोड रंगेना? एक्स्टेन्शन उडवण्याआधी या चुका टाळा

ब्राउझरमध्ये कोडची फाइल रंगीत दाखवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हे इथलं प्रकरण. टीममध्ये नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात एक मेसेज ठरलेला असतो: "दादा, एक्स्टेन्शन टाकलं, पण फाइल काळी-पांढरीच दिसते." जाऊन बघावं तर पठ्ठ्याने तोवर तीन वेगवेगळी एक्स्टेन्शन्स टाकलेली असतात आणि तिन्ही चालू असतात. एक रंगवत नाही म्हणून दुसरं, दुसरं रंगवत नाही म्हणून तिसरं.

खरं तर एक्स्टेन्शनचा नंबर शेवटी लागतो. फाइल काय आहे, दाखवायची की डाउनलोड करायची, कुठल्या एन्कोडिंगमध्ये (बाइटवरून अक्षरं ओळखायच्या पद्धतीत) वाचायची, हे सगळं ब्राउझर आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

लोकल फाइलचा खटका

आपल्याच लॅपटॉपवरची पायथनची फाइल क्रोममध्ये ओढून टाकली आणि रंग आले नाहीत, तर आधी एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये जा. तिथे 'अलाउ ॲक्सेस टू फाइल यूआरएल्स' नावाचा खटका आहे. तो मुळात बंदच असतो. चालू करून टॅब रिफ्रेश करा. क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर बेतलेल्या एज ब्राउझरमध्येही हीच गोष्ट. इन्कॉग्निटोसाठी वेगळा खटका आहे. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनच्या परवानग्यांचा टॅब उघडून बघा, साइट वाचायची मुभा दिलेली आहे का.

'व्ह्यू सोर्स'च्या, म्हणजे मूळ कोड दाखवणाऱ्या, पानावर रंग येत नाहीत म्हणून कुणी हैराण असेल तर हैराणी सोडा. त्या पानावर एक्स्टेन्शनला पाय ठेवायलाच मनाई आहे.

ब्राउझरला फाइल काय वाटते, ते त्यालाच विचारा

हे शिकलात तर निम्मं काम झालं. फाइल उघडलेल्या टॅबमध्ये एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये जा आणि 'डॉक्युमेंट', टिंब, 'कॉन्टेंटटाइप' असं रोमनमध्ये जोडून टाइप करा. फक्त 'टाइप'चा टी कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. उत्तर 'टेक्स्ट/प्लेन' आलं तर ब्राउझर ती साधी मजकुराची फाइल समजतोय आणि एक्स्टेन्शनला वाव आहे. 'टेक्स्ट/एचटीएमएल' आलं तर ब्राउझरने ती पान म्हणून मांडलेली आहे, मग रंगवायला कोड उरतोच कुठे? एचटीएमएलची फाइल डबल-क्लिकने उघडून "टॅग का दिसत नाहीत" असं विचारणारे लोक मी पाहिलेत. पीएचपीचं तर आणखी वेगळं: सर्व्हरमार्फत उघडली की ती तिकडेच चालते, तुमच्या हातात फक्त तिचं आउटपुट येतं.

सगळ्यात मजा टाइपस्क्रिप्ट भाषेची. तिच्या फाइलच्या नावामागचं 'टीएस' हे शेपूट एमपेग व्हिडिओच्या एका जुन्या प्रकाराचंही आहे. फाइलचा प्रकार ब्राउझरला सांगतो तो सर्व्हर, आणि एन्जिनएक्स या सर्व्हरबरोबर येणाऱ्या प्रकारांच्या यादीत 'टीएस' म्हणजे सरळ व्हिडिओ. त्यामुळे तुमचा छानसा कोड ब्राउझर डाउनलोड तरी करतो, नाहीतर प्लेअरमध्ये वाजवायला निघतो. रस्ट भाषेच्या 'आरएस'चीही तीच गत: अपाची या सर्व्हरच्या यादीत तो एक एक्सएमएलचा प्रकार आहे. यात एक्स्टेन्शन बिचारं काय करणार? सर्व्हर तुमचा असेल तर त्या फोल्डरपुरता प्रकार 'टेक्स्ट/प्लेन' करा. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर फाइल डाउनलोड करून एडिटरमध्ये उघडा, उगाच कुस्ती नको.

रंग येतात पण चुकीचे, ही तक्रार त्यामानाने सौम्य. काही एक्स्टेन्शन्स फाइलच्या नावावरून भाषा ठरवतात, काही मजकुरावरून अंदाज बांधतात. 'पीएल' म्हणजे पर्ल की प्रोलॉग? 'एम' म्हणजे मॅटलॅब की ऑब्जेक्टिव्ह-सी? दहा ओळींच्या फाइलवरून अंदाज बांधायचा तर माणूसही चुकेल. भाषा हाताने निवडायची सोय असेल तर ती वापरा.

जेसनमधले आकडे डोळ्यांवर विश्वास ठेवून वाचू नका

ही चूक महागात पडते, कारण दिसायला सगळं सुरेख दिसतं. जेसन, म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात लिहायची एक पद्धत, सुबक मांडून दाखवणारी काही एक्स्टेन्शन्स आधी ते जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये बदलतात आणि मग रंगवतात. जावास्क्रिप्टच्या नंबरला ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके पेलतीलच असं नाही. म्हणजे फाइलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ असेल तर रंगीत पानावर ९००७१९९२५४७४०९९२ दिसू शकतं. एका अंकाचा फरक! ऑर्डरचा आयडी असा बदललेला दिसला की माणूस डेटाबेसमध्ये शोधत बसतो आणि "रेकॉर्डच नाही" म्हणून बॅकएंडवाल्यांशी भांडतो. मी भांडलोय. मोठा आयडी कॉपी करायचा असेल तर आधी 'रॉ' (मूळ मजकूर) करून बघा. फायरफॉक्समध्ये जेसन दाखवायची सोय मुळातच आहे, तिथेही मूळ मजकुराचा टॅब वेगळा आहे. त्यावर आणखी एक्स्टेन्शन लादलं तर दोघांच्या झटापटीत पान कोरंही राहू शकतं.

रंगीत पानावरून कॉपी

एकदा एक मेकफाइल ('मेक' या टूलसाठीच्या सूचनांची फाइल) मी रंगवलेल्या पानावरून उचलून सर्व्हरवर पेस्ट केली. चालवली तर 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' ओळ तीच, शब्द तेच, मूळ फाइलशेजारी ठेवून बघितली तरी फरक दिसेना. अर्ध्या तासाने फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला कॅपिटल ए (-A) देऊन, म्हणजे न दिसणारी चिन्हंही दाखवायला लावून बघितलं. मूळ फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅब कीच्या चिन्हाची खूण, म्हणजे छत्री (^) आणि आय, दिसत होती. माझ्या फाइलमध्ये नुसती मोकळी जागा. एक्स्टेन्शनने टॅबच्या जागी चार स्पेस घातले होते, दिसायला नीट दिसावं म्हणून. मेकफाइलला टॅबच लागतो. पायथनमध्ये टॅब आणि स्पेसची भेसळ झाली तरी असाच गोंधळ.

काही एक्स्टेन्शन्समध्ये तर ओळींचे आकडेही कोडबरोबर चिकटून येतात. सेटिंगमध्ये लाइन नंबर बंद करा, किंवा कॉपी करण्यापुरतं एक्स्टेन्शनच बंद ठेवा.

मराठी कॉमेंटचा चिवडा

कोडमध्ये मराठीत कॉमेंट (वाचणाऱ्यासाठीची टीप) लिहिणारे आपण थोडेच, पण आहोत. सर्व्हरने 'टेक्स्ट/प्लेन' सांगितलं आणि यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगायचं राहिलं, तर ब्राउझर अंदाजाने जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग लावू शकतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे एकेका चिन्हाची तीन तुकड्यांत वाट लागते. 'मराठी' शब्दातल्या शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या जागी तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागून येन आणि युरो येतात! कॉमेंट लिहिली होती, चलन बाजार उघडला.

एक्स्टेन्शनच्या हाती मजकूर येतो तो असा बिघडूनच, म्हणून थीम बदलून उपयोग नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कॅरसेट (म्हणजे एन्कोडिंग) यूटीएफ-८ करा. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेन्यूत एन्कोडिंग दुरुस्त करायचा पर्याय आहे. क्रोमने हाताने एन्कोडिंग बदलायचा मेन्यू कधीच काढून टाकला.

अक्षरं नीट आली पण मराठी ओळीपासून लाइन नंबर खाली सरकले, तर दोष फॉन्टचा आहे. कोडच्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते, मग ब्राउझर दुसरा फॉन्ट उसना आणतो आणि मात्रा-वेलांट्यांमुळे ती ओळ उंच होते. ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं की जमतं.

टॅब गोठला तर

मिनिफाय केलेली, म्हणजे मोकळ्या जागा काढून आवळलेली, एकाच ओळीत दोन एमबी कोंबलेली फाइल रंगवायला लावू नका. एवढंच.

परवानगी

इन्स्टॉल करताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' असं येतं आणि आपण डोळे मिटून होकार देतो. एक्स्टेन्शन चांगलं असलं तरी त्याचा मालक बदलू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअरचं कारण देऊन ते बंद केलं. कोड रंगवायला तुमच्या बँकेचं पान वाचायची गरज नसते. क्रोममध्ये 'साइट ॲक्सेस' हा पर्याय 'ऑन क्लिक'वर ठेवा, किंवा ज्या एक-दोन साइटवर कोड बघता तेवढ्याच नोंदवा. आणि ती जी तीन एक्स्टेन्शन्स टाकली होती, त्यातली दोन आत्ताच काढा.