जुन्या जीपला नवे भाग बसवताय? या चुका टाळा

मांजरसुंब्याच्या घाटातून बीडकडे उतरत होतो. वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक लागलं. पाय आत जाईना, गाडी थांबेना. गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, सीटला पाठ टेकवून दोन्ही पायांनी पेडल रेटलं, तेव्हा कुठे जीप कडेच्या मुरुमावर जाऊन थांबली. १९८९ ची महिंद्रा एमएम ५४०, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून आठच दिवस झाले होते. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, पण बीडला पोचेपर्यंत तिने समोरचा दांडा सोडला नाही.

बोनेट उघडलं तेव्हा काहीच तुटलेलं नव्हतं. डिस्क चांगल्या, व्हॅक्यूमच्या ओढीने पेडल हलकं करणारा बूस्टर चांगला, अल्टरनेटरच्या पाठीवरचा व्हॅक्यूम पंपही चांगला. पंपापासून बूस्टरपर्यंतचा पाइप मात्र मी दुकानातला साधा पाण्याचा रबरी पाइप लावला होता. इंजिन तापलं तसा तो मऊ पडला आणि आतल्या ओढीने चपटा झाला. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांना पुरतो. सपाट रस्त्यावर मी एवढाच ब्रेक वापरत होतो, म्हणून आठ दिवस काही कळलं नाही. घाटात लागोपाठ ब्रेक लागले आणि साठा संपला.

जुन्या जीपमधला प्रत्येक भाग शेजारच्या भागाच्या मापाने बनवलेला असतो. एक बदलला की शेजारचा कमी पडतो. घरच्या घरी केलेल्या कामात ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक इथूनच निघतात.

आपल्याकडे ही चूक जास्त होते त्याला कारण आहे. १९४७ नंतर महिंद्राने विलिज जीप भारतात जोडायला घेतल्या आणि ते घराणं पुढे कितीतरी वर्षं चाललं. विलिजच्या चाकाचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर बसतात, बोलेरोचेही तसेच. त्यामुळे भंगार बाजारातून आणलेला भाग जुन्या गाडीवर बऱ्याचदा पहिल्या फटक्यात बसतो. मिस्त्री म्हणतो, "बसायलंय की मालक, काय अडचण हाय?" बोल्टला बोल्ट जुळतो हे खरं आहे. पण त्या भागाला लागणारं तेल, व्हॅक्यूम, करंट आणि चेसिसचा आधार आपोआप जुळत नाही.

पान्याआधी कागद

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून आजोबांची विलिज शेतातल्या कोठ्यात उभी असेल तर हात लावण्याआधी घरात बसून ठरवा, ती मूळची ठेवायची की रोज वापरायची. दोन्ही होणार नाही. माझं मत विचाराल तर अशी गाडी मूळची ठेवा, आणि बदल करायचे असतील ते ऐंशीच्या दशकातल्या किंवा नंतरच्या गाडीवर करा.

इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. नोंदणी पुस्तकात एक इंजिन नंबर आणि बोनेटखाली दुसरा असेल, तर अपघातानंतर विम्याच्या दारात उभं राहावं लागतं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणीसाठी गाडी दाखवावी लागते, तेव्हाही हा प्रश्न येतोच.

ब्रेक

सगळ्यांना आधी इंजिनची ताकद वाढवायची असते. तसं करू नका. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग वायरिंग, आणि ताकद सगळ्यात शेवटी.

डिस्क बसवल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ब्रेकच्या पाइपांतली हवा निघतच नाही. दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपतं, पेडल तरी स्पंजासारखंच. अशा वेळी कॅलिपरकडे, म्हणजे डिस्कला पॅडने दाबणाऱ्या भागाकडे, नीट बघा. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे का? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली येतो. हवा वर अडकून राहते आणि खालून नुसतं तेल येत राहतं. दोन तास पेडल मारूनही ती निघणार नाही. कॅलिपर बदलून लावा, दहा मिनिटांत काम होतं.

दुसरी तक्रार म्हणजे चाक तापतं. चार-पाच किलोमीटर चालवून पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागते, जळका वास येतो. जुना ड्रमचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर तेलाला देणारा भाग, तसाच ठेवला असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून अनेक मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी एक लहान झडप असते. ड्रमला तो दाब चालतो, कारण आतल्या स्प्रिंगा बुटांना मागे ओढतात. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात, पॅड घासतच राहतात. हे घरी तपासता येतं. चाक जॅकवर उचला, खाली घोडी लावा, चाक अडकलेलं असतानाच निपल हळूच सैल करा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब लाइनमध्ये अडकलाय. चाक तरी मोकळं होत नसेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम आहेत. दाब अडकलेला निघाला तर पेडलच्या दांड्याला किंचित मोकळा खेळ आहे का तेही पाहा. दांडा पिस्टनला टेकून राहिला तरी हेच होतं.

बूस्टरचं बोलायचं तर डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ मिळत नाही, पंप लागतोच. अल्टरनेटरवरच्या पंपाला इंजिनचं तेल पोचवावं लागतं आणि ते परत चेंबरमध्ये उतरवावं लागतं. परतीचा पाइप उताराचा ठेवा, मध्ये कुठे वर चढवू नका. तेल नाही मिळालं तर पंप जाम होतो आणि त्याच्यासोबत अल्टरनेटरही जातो. पाइप व्हॅक्यूमचाच घ्या, जाड भिंतीचा. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबूनच धरा आणि सेल्फ मारा. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. ही तपासणी इंजिन थंड असताना एकदा आणि पूर्ण तापल्यावर एकदा करा. मी थंड असताना केली होती, गरम असताना केली नव्हती.

शेवटचं म्हणजे चाकाकडे जाणारा लवचीक ब्रेक पाइप. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि चाक लोंबकळत असताना बघा. कुठे ताणला जात असेल किंवा टायरला लागत असेल तर लांबी चुकली.

स्टिअरिंग

पॉवर स्टिअरिंग बसवल्यावर जीप ओळखू येत नाही इतकी हलकी होते, आणि म्हणूनच बरेच जण त्याने जुने दोष झाकतात. किंगपिनची (ज्या खिळ्यावर पुढचं चाक वळतं त्याची) बेअरिंग झिजलेली, बॉल जॉइंट ढिले, पाट्यांचे बुश संपलेले, आणि त्यावर नवा बॉक्स. मग पन्नासच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं थडथड उडायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. काही जण त्यावर डॅम्पर लावतात. थडथड काही दिवस दबते, झीज आत चालूच राहते.

आधी चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मुलाला पेडलवर बसवून हे पाच मिनिटांत होतं.

बॉक्स बसवताना चेसिसवर नुसतं वेल्डिंग मारू नका. जुन्या जीपची चेसिस त्या जागी उघड्या पन्हळीची असते आणि पॉवर स्टिअरिंगचा जोर हाताच्या जोरापेक्षा खूप जास्त असतो. चेसिस आतून-बाहेरून प्लेटने बंद करून, आरपार नळी घालून बोल्ट लावले नाहीत तर वर्ष-सहा महिन्यांत तडा जातो. तो तडा आधी रंगात केसासारखा दिसतो. ती जागा दर महिन्याला फडक्याने पुसून बघत जा.

गाडी उंच करायला पुढे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी, लावलं की ॲक्सल फिरतो आणि कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, बदलतो. मग सरळ रस्त्यावर गाडी भटकते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. त्यासाठी पाटा आणि ॲक्सलमध्ये योग्य कोनाची पाचर घालावी लागते. अलाइनमेंटवाल्याकडून कास्टर मोजून घ्या आणि मगच लेथवाल्याकडून पाचर करून घ्या, अंदाजाने नको.

वायरिंग

जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशवरच्या स्विचमधून जातो. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. चाळीस वर्षं जुनी तार आणि गंजलेला स्विच एवढा भार नीट नेत नाही. म्हणून लाइट पिवळा पडतो, आणि आपण बल्बला दोष देऊन आणखी मोठा बल्ब घालतो. आधी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवा, बॅटरीपासून फ्यूजसह नवी जाड तार ओढा. माझ्या गाडीत त्याच जुन्या बल्बचा प्रकाश एवढ्यानेच दिसण्याइतका वाढला. जुन्या काचेत नुसता एलईडी बल्ब खोचला तर प्रकाश विस्कटतो, समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. एलईडी हवाच असेल तर सात इंची पूर्ण युनिट घ्या.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवणं चांगलंच. पण जुना अँपिअर मीटर तसाच ठेवू नका. गाडीचा सगळा चार्जिंग करंट त्या मीटरमधून जातो. डायनामोच्या काळात ३० अँपिअरचा मीटर पुरत होता, साठ-सत्तर अँपिअरच्या अल्टरनेटरपुढे त्याची पोस्ट तापते आणि डॅशमागे आग लागू शकते. तो बाजूला काढा, अल्टरनेटरची तार जाड घेऊन थेट बॅटरीला आणा आणि डॅशवर व्होल्ट मीटर लावा. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ च्या मध्ये राहिला की चार्जिंग बरोबर.

आणि हात जोडून सांगतो, चालू इंजिनात बॅटरीची तार काढून चार्जिंग तपासू देऊ नका. डायनामोच्या काळातली ही सवय अजून अनेक मिस्त्र्यांच्या हातात आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने क्षणात जाऊ शकतात. चेसिसवर वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या दोन्ही तारा सोडून ठेवा.

सेल्फ हळू फिरतो, लाइट लुकलुकतात, मीटर उगाच हलतात, अशा विचित्र तक्रारी एकत्र आल्या तर अर्थिंग बघा. नवा रंग मारला की बोल्टखालीही रंग बसतो आणि अर्थ तुटतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर इंजिन ते चेसिस नवी जाड पट्टी टाका, लोखंड घासून चकचकीत करून.

पाणी आणि इंधन

वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरलं जातं आणि ते क्षाराचं असतं. ज्या बोअरच्या पाण्याने घरातल्या कळशीत पांढरा थर बसतो, तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर बसवतं. बॅटरीत घालतात तसं शुद्ध पाणी आणि कूलंट, एवढंच वापरा.

गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळतो. ऐकू नका. साधारण ८२ अंशांना उघडणारी ती झडप इंजिन योग्य तापमानावर ठेवते. ती नसली की थंडीत इंजिन गारच चालतं, आणि मूळ रोग तसाच राहतो. गाडी केव्हा तापते ते बघा. गर्दीत, हळू वेगात तापते आणि हायवेवर निवते, तर वारा कमी पडतोय: पंख्याभोवतीचं आवरण हरवलंय किंवा इलेक्ट्रिक पंखा उलटा फिरतोय. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय, किंवा खालचा पाइप चपटा होतोय. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट.

पेट्रोल जीप असेल तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात, मऊ पडतात. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर एक दिवसही थांबू नका, इथेनॉलला चालणारे पाइप घाला.

टायर

रुंद टायर दिसायला छान. पण मृगाच्या पावसात काळ्या रानातून गाडी काढायची असेल तर विचार करा. चिकण माती रुंद टायरला धरून वर येते, मडगार्डच्या आत बसते आणि चाकच जाम होतं. मूळच्या अरुंद ६.००-१६ टायरला तिथे मोकळी जागा असते. शिवाय २९ इंचांच्या जागी ३१ इंची टायर आला की मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने चाललेली असते, आणि ब्रेकवरचा भारही वाढतो.

पाटे, ॲक्सल किंवा चाकांना हात लागला असेल तर पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट परत आवळा. पाट्यांमधला रंग आणि गंज दबतो, बोल्ट ढिले पडतात. माझा पहिल्याच वेळी अर्धा फेरा फिरला होता.